शुक्रवारचे पत्र, शनिवारचे पत्र: क्युबा १९६२ आणि विसंगत माहितीतून काढलेली वाट

शनिवार, २७ ऑक्टोबर १९६२. व्हाइट हाउसच्या कॅबिनेट रूममध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची सल्लागार समिती सकाळी दहाच्या सुमारास बसली होती. तिला सगळे एक्सकॉम म्हणत. आदल्या संध्याकाळी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांचे लांबलचक पत्र आले होते आणि त्याला काय उत्तर द्यायचे यावर खल होणार होता. तेवढ्यात वृत्तसंस्थेचा कागद आला. केनेडींनी तो मोठ्याने वाचला: तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे अमेरिका काढणार असेल, तर क्युबातली आम्ही काढू. पत्रात असे काही नव्हते, हे पत्र वाचलेल्यांनी लगेच सांगितले. थोड्या वेळात खुलासा झाला. हे दुसरेच पत्र होते आणि मॉस्को रेडिओवरून साऱ्या जगाला ऐकवले जात होते.

एकाच माणसाच्या सहीची दोन पत्रे, दोन दिवसांत दोन अटी. या दोन कागदांवरून त्या दिवसाच्या आत काहीतरी ठरवायचे होते. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगले प्रकरण मिळणे अवघड आहे. परस्परविरोधी माहितीवरून विचार कसा करायचा, हा प्रश्न येथे पुस्तकातला राहिलेला नाही, आणि त्या खोलीतली चर्चा ध्वनिफितींवर जपलेली आहे. केनेडींनी ती गुपचूप टेप करून ठेवली होती.

आपल्याकडे त्या आठवड्यात लोकांचे लक्ष वेगळीकडे होते. २० ऑक्टोबरला चीनने लडाख आणि नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) हल्ला केला होता. त्यामुळे क्युबाचा पेच मराठी वाचकाच्या आठवणीत जरा कडेलाच राहिला. म्हणून आधी वस्तुस्थिती थोडक्यात.

१४ ऑक्टोबरला यू-२ या अमेरिकी टेहळणी विमानाने काढलेल्या छायाचित्रांत क्युबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रांची ठाणी दिसली. १६ तारखेला केनेडींना ती दाखवली गेली. २२ तारखेला त्यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला सांगितले आणि क्युबाभोवती नाविक नाकेबंदी जाहीर केली. तिला ‘क्वारंटाइन’ म्हटले, कारण नाकेबंदी हे आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धाचे कृत्य ठरते. इकडे तुर्कस्तानात अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रे होती. ती जुनाट झाली होती, पण नाटो करारातून आलेली होती. एका सहकारी देशाला बाजूला सारून ती सौद्यात टाकली, तर बाकीच्यांचा अमेरिकेवरचा विश्वास उडेल, अशी एक्सकॉममधल्या बहुतेकांची धास्ती होती.

शुक्रवारचे पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत भाषांतर होऊन तुकड्या-तुकड्यांनी वॉशिंग्टनला पोचले. त्यात ख्रुश्चेव दोरीच्या गाठीबद्दल लिहितात: दोन्ही टोके आपण ओढत राहिलो तर गाठ इतकी घट्ट बसेल की बांधणाऱ्यालाही सुटायची नाही. पत्राचा मथितार्थ असा की अमेरिकेने क्युबावर हल्ला न करण्याचे वचन दिले, तर क्युबात सोव्हिएत लष्करी तज्ज्ञांची गरज उरणार नाही. वाक्य बारकाईने पाहावे. त्यात ‘तज्ज्ञ’ आहेत, ‘क्षेपणास्त्रे काढू’ असे सरळ शब्द नाहीत. तो अर्थ वाचणाऱ्यांनी काढला. त्याला दुजोरा मिळाला तो त्याच दिवशी एबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणीचे वार्ताहर जॉन स्कॅली यांना सोव्हिएत वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याने जेवणाच्या टेबलावर सांगितलेल्या गोष्टीतून. तो अधिकारी केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचा होता आणि असा प्रस्ताव ठेवायला मॉस्कोने त्याला सांगितलेले नव्हते, हे पुष्कळ नंतर उघड झाले.

आता मांडणी. तीन विधाने घेऊ. ‘वचन’ म्हणजे अमेरिका हल्ला न करण्याची हमी देते. ‘माघार’ म्हणजे सोव्हिएत संघ क्युबातून क्षेपणास्त्रे काढतो. ‘ज्युपिटर’ म्हणजे अमेरिका तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रे काढते. शनिवारी सकाळी टेबलावर चार गोष्टी होत्या. पहिली: वचन द्यायला अमेरिका तयार आहे. दुसरी, शुक्रवारच्या पत्रातून: वचन दिले तर माघार. तिसरी, शनिवारच्या पत्रातून: ज्युपिटर निघाल्याशिवाय माघार नाही. चौथी, अमेरिकेची जाहीर भूमिका: ज्युपिटर निघणार नाहीत.

पहिली आणि दुसरी जोडली की माघार मिळते. माघार आणि तिसरी जोडली की ज्युपिटर निघतात. चौथी म्हणते, निघणार नाहीत. झाली विसंगती.

विधान एकतर खरे नाहीतर खोटे मानणारे रूढ द्विमूल्य तर्कशास्त्र अशा जागी नुसते अडत नाही. ते काहीही सिद्ध करू लागते. ‘ज्युपिटर निघतात’ हे खरे धरले, तर ‘ज्युपिटर निघतात किंवा सोमवारी हल्ला करावा’ हेही खरे ठरते, कारण ‘किंवा’च्या एका बाजूला सत्य असले की पुरते. पण ‘ज्युपिटर निघत नाहीत’ हेसुद्धा आपण खरे मानले आहे. मग ‘किंवा’ची पहिली बाजू बाद झाली आणि उरले ‘सोमवारी हल्ला करावा’. याच रीतीने ‘सोमवारी हल्ला करू नये’ हेही सिद्ध होते. सोमवार मी उगाच घेतलेला नाही. सोमवारी, २९ तारखेला, हवाई हल्ला सुरू करावा अशी सेनाप्रमुखांची त्या शनिवारची शिफारस होती. युद्धाचा निर्णय एका निरर्थक सिद्धतेतून निघू शकतो, ही या तर्कशास्त्राची मर्यादा कागदावर पाहताना अंगावर काटा येतो.

ही उडी अडवणाऱ्या पद्धती विसाव्या शतकात अनेकांनी बांधल्या. या प्रकरणाला तीन उपयोगी पडतात.

पहिली नुएल बेलनॅप यांची. पिट्सबर्गच्या या तर्कशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये विचारले, की अनेक ठिकाणांहून माहिती घेणाऱ्या संगणकाने विचार कसा करावा? त्यांचे उत्तर असे की प्रत्येक विधानाला चार खुणा द्याव्यात: खरे असल्याचे सांगितले गेले, खोटे असल्याचे सांगितले गेले, दोन्ही सांगितले गेले, काहीच सांगितले गेले नाही. ही खूण विधान खरोखर कसे आहे याची नव्हे. आपल्या कानावर काय आले याची आहे.

या चार खुणा घेऊन त्या शनिवारकडे पाहिले की काही गोष्टी एकदम जागेवर येतात. ज्युपिटरबद्दल पहिले पत्र गप्प आहे. ‘ज्युपिटर हा सौद्याचा भाग नाही’ असे ते कुठेही म्हणत नाही. गप्प बसणे आणि नाकारणे यांत फरक आहे. म्हणून ‘ज्युपिटर हा सौद्याचा भाग आहे’ या विधानावर ‘दोन्ही’ ही खूण बसतच नाही. फक्त ‘खरे असल्याचे सांगितले गेले’ एवढीच बसते. खरा विरोध दुसऱ्याच विधानावर आहे: ‘नुसते वचन पुरेसे आहे’. पहिले पत्र हो म्हणते, दुसरे नाही. पेच नेमका कुठे आहे हे कळणे, हे माझ्या मते या मांडणीचे पहिले खरे काम.

चौथ्या खुणेची दोन उदाहरणे तर जीवघेणी आहेत. त्या दिवशी दुपारी बातमी आली की मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचे यू-२ क्युबावर पाडले गेले आणि ते मारले गेले. मॉस्कोने आता पाऊल पुढे टाकले, असा अर्थ खोलीत काढला गेला. वास्तविक ‘मॉस्कोने हुकूम दिला’ याबद्दल त्यांना कोणीच काही सांगितले नव्हते. तो निर्णय क्युबातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मॉस्कोला न विचारता घेतला होता. दुसरे उदाहरण याहून भयंकर. क्युबात उतरणाऱ्या सैन्यावर वापरता येतील अशी छोटी अण्वस्त्रे तिथे पोचली आहेत का? माहिती काहीच नव्हती. पण चढाईचे आराखडे ‘नाहीत’ असे धरून पुढे सरकत होते. ती तिथे होती, हे अमेरिकेच्या जुन्या मंडळींना १९९२ साली हॅवानातल्या परिषदेत कळले. सोव्हिएत सैनिक ४० हजारांवर होते; अमेरिकेचा त्या वेळचा अंदाज दहा हजारांच्या आसपास होता. जे ऐकलेच नाही त्याला ‘खोटे’च्या रकान्यात टाकायचे, ही सवय द्विमूल्य विचारात आपसूक लागते.

दुसरी पद्धत निकोलस रेशर आणि रूथ मॅनर यांची, १९७० ची. गृहीतके एकमेकांशी भांडत असतील, तर त्यांतून शक्य तितके मोठे पण आपसात न भांडणारे गट काढायचे आणि प्रत्येक गटातून काय निघते ते पाहायचे. आपल्या चार गृहीतकांतून कोणतेही एक वगळले की उरलेली तीन नांदतात. म्हणजे गट चार.

वचन वगळले, तर माघार नाही. दबाव आणि पुढे हल्ला, हा रस्ता उरतो. शुक्रवारचे पत्र रद्द मानले, तर वचन देऊनही माघार मिळत नाही; सेनाप्रमुखांचा सोमवार येतो. शनिवारचे पत्र बाजूला ठेवले, तर वचन देऊन माघार मिळते आणि ज्युपिटर जागेवर राहतात. ज्युपिटरचा नकार सोडला, तर वचन, माघार आणि ज्युपिटर तिन्ही मिळतात. त्या दिवसाच्या ध्वनिफिती ऐकणाऱ्याला हे चारही रस्ते ओळखीचे वाटतील, कारण दिवसभराची चर्चा याच चौघांमध्ये घुटमळत होती. केनेडींचा कल चौथ्याकडे होता. बाहेरच्या कुणाही समंजस माणसाला हा सौदा रास्तच वाटेल, त्याला नकार देऊन लढाईत उतरलो तर आपली बाजू लंगडी पडेल, असे ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवत होते. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार बंडी, संरक्षणमंत्री मॅकनमारा यांना ते पटत नव्हते.

आता या चारांकडे एकत्र पाहा. माघार ज्या दोन गटांत मिळते, त्या दोन्हींत दोन गोष्टी कायम आहेत: वचन आणि शुक्रवारचे पत्र. ते दोन गट वेगळे होतात फक्त ज्युपिटरवर. याचा अर्थ असा, की ज्युपिटरचा निकाल न लावताही एक पाऊल आज टाकता येते. शुक्रवारच्या पत्राला धरून वचन द्यायचे. ते पाऊल दोन्ही चांगल्या रस्त्यांवर पडते. दोन पत्रांतले ‘खरे’ कोणते, हा वाद त्यासाठी मिटावाच लागत नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. शनिवारी दिवसभर लोक विचारत होते, ख्रुश्चेव यांच्या मनात खरे काय आहे? उपयोगाचा प्रश्न होता, त्यांच्या मनात काहीही असले तरी चुकणार नाही असे पाऊल कोणते?

अर्थात गट मोजून दिल्यावर या पद्धतीचे काम संपते. कोणत्या गटावर भरवसा ठेवायचा हे ती सांगत नाही. दोन पत्रे एकाच माणसाच्या बदललेल्या मनाची मानली, तर नंतरचे आधीच्याला खोडते आणि शुक्रवारचे पत्र मेले. केनेडी साधारण असेच धरून चालले होते: जे जगजाहीर झाले तीच आता त्यांची भूमिका. दोन पत्रांमागे क्रेमलिनमधले दोन तट आहेत असे मानले, तर दोन्ही पत्रे एकाच वेळी जिवंत राहतात. या जागी सूत्रे कामाला आली नाहीत, माणूस आला. एक्सकॉममधले ल्युएलिन थॉम्पसन पूर्वी मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत होते, ख्रुश्चेव यांना जवळून ओळखत होते. वाटाघाटीने क्षेपणास्त्रे निघतील असे वाटत नाही, असे केनेडी म्हणाले, तेव्हा थॉम्पसन यांनी राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगितले की मला हे मान्य नाही. आपण क्युबा वाचवला, असे आपल्या लोकांना सांगता येणे ख्रुश्चेव यांना महत्त्वाचे आहे, हे त्यांचे म्हणणे. तट वगैरे काही नव्हते, दोन्ही पत्रे ख्रुश्चेव यांचीच होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तरीही शुक्रवारचे पत्र मेलेले नव्हते. थॉम्पसन यांचा निष्कर्ष बरोबर निघाला.

केनेडींनी पाठवलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. तुमचे २६ तारखेचे पत्र मी काळजीपूर्वक वाचले, असे ते सुरू होते आणि मला समजलेले तुमचे प्रस्ताव असे, म्हणत पुढे जाते: संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तुम्ही शस्त्रे हलवाल, आम्ही क्वारंटाइन उठवू आणि हल्ला न करण्याची हमी देऊ. ‘तज्ज्ञांची गरज उरणार नाही’ या गुळमुळीत वाक्याचे येथे ‘शस्त्रे हलवाल’ झाले. दुसरे गृहीतक पत्रात अर्धवट होते. अमेरिकेने ते पुरे करून लेखकालाच परत वाचून दाखवले. ज्युपिटरचे नाव नाही.

आणि त्याच संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास राष्ट्राध्यक्षांचे भाऊ आणि अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी न्याय खात्यातल्या आपल्या कार्यालयात सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. तिथे ज्युपिटरचे नाव निघाले. चार-पाच महिन्यांत ती निघतील, पण हे जाहीर करता येणार नाही आणि तुमच्याकडून जाहीर झाले तर बोलणे संपले.

येथे तिसरी पद्धत लागते, आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. पोलंडमधले स्तानिस्लाव यास्कोव्स्की यांनी १९४८ मध्ये चर्चेचे तर्कशास्त्र मांडले. एका चर्चेत अनेकजण बोलतात. प्रत्येकाचे बोलणे आपापल्या जागी सुसंगत असते. म्हणून एकाने ‘अ’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘अ नाही’ म्हटले, तरी ‘अ आणि अ नाही’ असे चर्चेने म्हटले, असा अर्थ काढायचा नाही. दोन विधाने ‘आणि’ने जोडण्याची जी मुभा रूढ तर्कशास्त्र डोळे झाकून देते, ती यास्कोव्स्की काढून घेतात. कोणतेही विधान सात प्रकारे, ‘एका अपेक्षेने’ असे म्हणत मांडणाऱ्या जैन सप्तभंगीत (म्हणजे स्याद्वादात) याचे जवळचे नाते दिसते. तिथेही ‘आहे’ आणि ‘नाही’ क्रमाने, आपापल्या अपेक्षेने म्हणता येतात. एकाच दमात म्हणू गेले की ‘अवक्तव्य’, म्हणजे सांगता न येणारे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९५४ मध्ये आणि जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९५७ मध्ये स्याद्वादाकडे आधुनिक विज्ञानाच्या अंगाने पाहिले ते उगाच नाही.

वाटणीच्या बैठकीत ओसरीवर एक ठरते आणि माजघरात एक, तसा हा करार होता. ओसरीवर: वचन, माघार, आणि ज्युपिटरचा काही संबंध नाही. माजघरात: वचन, माघार आणि ज्युपिटर. प्रत्येक दालन आपल्यापुरते सुसंगत. ‘माघार’ दोन्हीकडे समान. मधल्या भिंतीतून ‘आणि’ जाऊ द्यायचा नाही, एवढीच अट. २८ तारखेला, रविवारी, मॉस्को रेडिओने क्षेपणास्त्रे काढण्याचा निर्णय जाहीर केला. रेडिओवर फक्त ओसरी ऐकू आली.

भिंत जपायला किती कष्ट पडले, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. ख्रुश्चेव यांनी ज्युपिटरबद्दलचा समझोता लेखी घेण्याचा प्रयत्न केला. तसे पत्र दोब्रिनिन यांनी रॉबर्ट केनेडींकडे पोचवले. त्यांनी ते ३० ऑक्टोबरला परत केले. मजकूर खोटा होता असे नाही. पण माजघरातले वाक्य कागदावर आले की ते कधीतरी ओसरीवर वाचले जाणार. शब्द पाळला गेला. १९६३ च्या एप्रिलपर्यंत तुर्कस्तानातली ज्युपिटर निघाली.

या पद्धतीची किंमतही मांडली पाहिजे, नाहीतर अभ्यास एकांगी होईल. शनिवारी संध्याकाळी ज्युपिटरची गोष्ट माहीत असलेले लोक मोजके होते. एक्सकॉमच्या बाकीच्या सदस्यांनाही ती सांगितली गेली नाही. ती ज्या छोट्या बैठकीत ठरली, तिथे उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन नव्हते. देशाने, सैन्याने, पुढच्या अनेक नेत्यांनी जो धडा घेतला तो ओसरीवरच्या हकिकतीतून: आपण ठाम राहिलो, समोरच्याने पापणी लववली. रॉबर्ट केनेडींच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. त्यांच्या डायरीत समझोत्याचा उल्लेख याहून स्पष्ट होता आणि तो आपण संपादन करताना सौम्य केला, हे केनेडींचे सल्लागार थिओडोर सोरेनसेन यांनी १९८९ साली मॉस्कोतल्या परिषदेत कबूल केले. सव्वीस वर्षे जग अर्ध्या गृहीतकांवरून निष्कर्ष काढत होते. विसंगती भिंतीने आवरता येते, पण भिंतीच्या एकाच बाजूला राहणाऱ्यांचे निष्कर्ष बिघडतात, हे यास्कोव्स्कींच्या सूत्रात लिहिलेले नाही. ते मॉडेल वापरणाऱ्याने स्वतः लक्षात ठेवायचे असते.

शिवाय या मांडणीत तिसरा बोलणारा नाहीच. क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो. क्युबाची जमीन, क्युबाचे आकाश, आणि दोन्ही पत्रे त्यांना बाजूला ठेवून लिहिलेली. निर्णय त्यांना कळला तो बातम्यांतून. संतापून त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना देशात पाऊल टाकू दिले नाही. केनेडींच्या पत्रात हमी देखरेखीला बांधलेली होती. देखरेख झाली नाही. बाहेर जाणाऱ्या जहाजांच्या डेकवरची क्षेपणास्त्रे अमेरिकी विमानांनी वरून मोजली. मग ‘वचन’ दिले गेले की नाही? सारी गणिते ज्या एका विधानावर उभी होती, त्याच विधानावर बेलनॅप यांची ‘दोन्ही’ ही खूण बसली: पत्रात दिलेले, अटीअभावी न दिलेले. लेखी, औपचारिक हमी कधीच झाली नाही आणि क्युबावर अमेरिकी सैन्य कधी उतरलेही नाही. १९७० च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत वकिलातीने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना विचारले, की १९६२ चा तो समझोता अजून लागू आहे ना? जुन्या कागदपत्रांत शोध घेतल्यावर तो पुरा झालेलाच नव्हता, असे किसिंजर यांच्या ध्यानात आले. निक्सन प्रशासनाने उत्तर दिले की लागू आहे.